बर्फाला गिरमिट

गेल्या ऑक्टोबरात एका रविवारी सकाळी विनिपेगहून चिरंजीवांचा फोन आला. ख्याली-खुशाली झाली, नातवाच्या शाळेची हकिगत झाली आणि मग जरा घुटमळत तो म्हणाला, "बाबा, या हिवाळ्यात आइस फिशिंगला जायचं ठरवतोय. ऑफिसातले सगळे जातात. बॅटरीवरचा तयार ऑगर घेऊ, की ड्रिल मशीन घेऊन त्याला ऑगर जोडू?"

मी जन्मभर यंत्रांच्या संगतीत काढलेला माणूस. असा प्रश्न आला की मला बरे वाटते. पण त्या क्षणी काही सुचेना. चाळीसेक वर्षे न्यूझीलंडमध्ये राहून मी नदीकाठी ट्राउटसाठी गळ टाकला आहे, किनाऱ्यावर कहवाई धरला आहे. पण बर्फाला भोक पाडून मासा धरणे हा प्रकार काही केलेला नाही. आणि वाचकहो, तो आपल्यापैकी कोणीच इथे केलेला नसणार, कारण आपल्याकडची मोठी तळी गोठतच नाहीत. टेकापो पाहा, वाकाटिपू पाहा. डोंगरांवर पांढरेशुभ्र बर्फ आणि खाली निळे पाणी, तेही भर जुलैत.

"दोन दिवसांनी सांगतो," असे म्हणून मी फोन ठेवला. त्या दोन दिवसांचे दोन महिने झाले. कारण मी ज्याला कॅनडाचा विषय समजत होतो, तो पुष्कळसा आपल्याच अंगणातला निघाला.

आधी शब्दाचे पाहू. ऑगर म्हणजे आपले गिरमिट. लहानपणी सुताराकडे पाहिलेले आठवत असेल: खाली पीळदार पाते, वर आडवी लाकडी मूठ, आणि फिरवताना पिळातून वर येणारा भुसा. बर्फाचा ऑगर याच जातीचा, फक्त बोटभर भोकाऐवजी वीतभर भोक पाडणारा. (आपल्या फिजीच्या मित्रांसमोर हा शब्द जपून वापरावा. त्यांच्या पणजोबांनी ज्या 'अ‍ॅग्रीमेंट'वर अंगठा उठवला, त्याचेही 'गिरमिट'च झाले आणि तो शब्द त्यांच्याकडे सुताराच्या हत्याराचा राहिलेला नाही.)

न्यूझीलंडमध्ये बर्फाचे पाणी अगदीच नाही असे नाही. सेंट्रल ओटागोतील रॅनफर्ली येथे १७ जुलै १९०३ रोजी उणे २५.६ अंश तापमान नोंदले गेले. तो आजही देशाचा नीचांक आहे. त्याच भागात ओटुरेहुआजवळच्या आयडाबर्न धरणावर, बर्फ पुरेसा जाड झाला तरच, कर्लिंगचा 'बॉन्स्पील' भरतो. स्कॉटिश लोकांनी आणलेला हा खेळ. एकोणीसेक किलोचे गुळगुळीत दगड बर्फावरून सरकवायचे. कित्येक हिवाळे नुसती वाट पाहण्यात जातात, कारण शंभर-दोनशे माणसे आणि त्यांचे दगड पेलण्याइतका बर्फ धरत नाही. बर्फ किती जाड आहे हा प्रश्न त्या मंडळींना चांगला ठाऊक आहे. मलाही तो एकदा ठाऊक झाला. नव्वदच्या दशकात मुलांना घेऊन एका शेततळ्यावर 'बर्फ दाखवायला' गेलो होतो. आत्मविश्वासाने चार पावले टाकली आणि पाचव्या पावलाला डावा पाय गुडघ्यापर्यंत आत. पाणी उथळ होते म्हणून नुसती फजिती झाली. सौ. ती हकिगत अजून पाहुण्यांना सांगतात. पाय बाहेर काढताना मी त्या बर्फाची कड पाहिली होती. जेमतेम दोन बोटे होती.

खरे बर्फ मात्र आपल्या दक्षिणेला आहे. इथून, क्राइस्टचर्चहून, विमाने जिथे जातात त्या अंटार्क्टिकातील मॅकमर्डो साउंड येथे समुद्र दर हिवाळ्यात गोठतो आणि वसंत येईपर्यंत त्याचा थर सुमारे दोन मीटर होतो. न्यूझीलंडचा स्कॉट बेस त्याच्या काठावर आहे. गेली सव्वाशे वर्षे माणसे तिथे बर्फाला भोके पाडत आहेत, त्यांतून मासे काढत आहेत, आणि काही वेळा त्याच बर्फात जीव गमावत आहेत. न्यूझीलंडचे आइस फिशिंग म्हणायचे तर ते हे.

या कथेची सुरुवात लिटलटन बंदरात होते. स्कॉटचे 'डिस्कव्हरी' जहाज १९०१च्या डिसेंबरात तिथून निघाले. समोरच्या क्वेल बेटावर पुढच्या मोहिमांचे घोडे आणि कुत्री ठेवली जात. रविवारी फेरीने तिकडे सहलीला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असते, कोण जाणे.

'डिस्कव्हरी'वर टॉमस व्हेर हॉजसन नावाचा जीवशास्त्रज्ञ होता. जहाज मॅकमर्डो साउंडमध्ये गोठून अडकले आणि हॉजसनची प्रयोगशाळा बर्फाखाली गेली. मग त्याने बर्फात भोके पाडली, त्यांतून जाळी आणि सापळे सोडले. भोक पाडणे हे एकदाचे काम नव्हते. काल पाडलेले भोक आज पुन्हा गोठलेले असे, म्हणून पहार, कुदळ आणि फावडे घेऊन रोज तेच. ध्रुवीय रात्रीच्या अंधारात हा गृहस्थ कंदील घेऊन आपल्या भोकांची फेरी मारी. कोकणात पावसाळ्यात रात्री आपापल्या खाजणाची बांधबंदिस्ती पाहायला जाणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यातलाच हा प्रकार वाटतो.

बर्फ हाताने कापणे किती जिकिरीचे, याचा हिशेब त्याच मोहिमेत मिळतो. १९०३च्या डिसेंबरात जहाज सोडवण्यासाठी स्कॉटने माणसांना मोठमोठ्या करवती घेऊन बर्फ कापायला लावले. बारा दिवसांच्या घामानंतर सुमारे १४० मीटर लांबीच्या दोन समांतर चिरा पडल्या, आणि मोकळे पाणी मैलोगणती दूर. शेवटी तो नाद सोडून दिला. १९०४च्या फेब्रुवारीत जहाज सुटले ते निसर्गाने फुटलेल्या बर्फामुळे आणि सुरुंगाच्या मदतीने.

स्कॉटच्या दुसऱ्या मोहिमेत, १९११ साली, केप इव्हान्सच्या तळासमोर डॉक्टर अ‍ॅटकिन्सनने बर्फाच्या भोकातून मासे पकडण्याचा सापळा लावला. त्याला माशांच्या पोटातल्या परजीवींचा अभ्यास करायचा होता. बाकीच्यांना न्याहारीला ताजे मासे मिळत होते. विज्ञान आणि स्वयंपाकघर यांचे असे सख्य क्वचित जमते.

आता ज्या गोष्टीने माझे दोन महिने घेतले ती सांगतो.

१९१५ साली शॅकल्टनच्या मोहिमेची दुसरी तुकडी, 'रॉस सी पार्टी', याच भागात होती. 'ऑरोरा' जहाज केप इव्हान्सला किनाऱ्याशी बांधलेले आणि बर्फात घट्ट गोठलेले होते. ६ मे १९१५च्या रात्री वादळ आले आणि तो सगळाच्या सगळा बर्फ जहाजासकट समुद्रात निघून गेला. दहा माणसे किनाऱ्यावर राहिली. जहाज महिनोन्महिने बर्फाबरोबर वाहत गेले आणि ३ एप्रिल १९१६ रोजी कसेबसे आपल्या पोर्ट चामर्सला लागले.

मागे राहिलेल्यांनी तरीही ठरलेले काम केले, शॅकल्टनसाठी अन्नाचे साठे दूरवर नेऊन ठेवले. परतीला स्कर्व्हीने गाठले आणि पाद्री स्पेन्सर-स्मिथ वाटेत वारला. बाकीचे पाच जण हट पॉइंटच्या जुन्या झोपडीत पोहोचले. सीलचे मांस खाऊन प्रकृती सुधारली. मुख्य तळ केप इव्हान्स तिथून वीसेक किलोमीटरवर, मधे गोठलेला समुद्र. हिवाळा खोल होईपर्यंत थांबावे, असे इतरांचे म्हणणे होते. त्या काळोख्या, काजळलेल्या झोपडीत कंटाळलेले एनियस मॅकिन्टॉश आणि व्हिक्टर हेवर्ड यांनी ते ऐकले नाही. ८ मे १९१६ रोजी दोघे निघाले. थोड्याच वेळात वादळ सुरू झाले. वादळ शमल्यावर सोबती पावलांच्या खुणा धरत गेले, तो बर्फ फुटलेला, आणि खुणा तिथेच संपलेल्या. उरलेले तिघे जुलैच्या मध्यापर्यंत थांबले आणि त्याच वाटेने सुखरूप पार गेले.

हे वाचताना माझ्यातला इंजिनीअर लगेच म्हणाला की त्यांच्याजवळ एखादे हलके गिरमिट असते तर? वाटेत दर दोनशे पावलांवर भोक पाडून जाडी पाहिली असती तर? मी चिरंजीवांना तसे लिहायलाही घेतले होते. मग 'ऑरोरा' आठवली. ज्या बर्फाने अख्खे जहाज धरून ठेवले होते, तो काही पातळ नव्हता. १९११च्या १ मार्चला बॉवर्स, चेरी-गॅरार्ड आणि क्रीन हे तिघे घोडे घेऊन समुद्राच्या बर्फावर झोपले होते. जागे झाले तेव्हा बर्फाचे तुकडे होऊन ते वाहत निघाले होते. माणसे वाचली, घोडा एकच वाचला. तोही बर्फ घोड्यांचे वजन पेलत होता. भोक जाडी सांगते. वारा, लाटा, ओहोटी-भरती यांबद्दल भोक काहीच सांगत नाही. मॅकिन्टॉशच्या हातात उत्तम यंत्र असते तर कदाचित त्याला परत फिरायचे कारण मिळाले असते, किंवा कदाचित पुढे जाण्याचा आत्मविश्वास मिळाला असता. मी लिहिलेला कागद फाडून टाकला.

मात्र जाडी न मोजण्याचे समर्थनही कोणी करणार नाही. ६ जानेवारी १९५६ रोजी अमेरिकन नौदलाचा रिचर्ड विल्यम्स हा तरुण चालक केप रॉइड्सजवळ आपल्या तीसेक टनांच्या कॅटरपिलर ट्रॅक्टरसकट बर्फ फुटून बुडाला. मॅकमर्डोचे विमानतळ विल्यम्स फील्ड हे त्याच्याच नावाने आहे. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९५७ मध्ये, एडमंड हिलरीच्या तुकडीने स्कॉट बेस उभारला. तिथून फर्ग्युसन ट्रॅक्टर दक्षिण ध्रुवाला गेले ती गोष्ट इथल्या शाळेतल्या मुलांना पाठ असते. समुद्राच्या बर्फावर गाडी नेण्याआधी तडा शोधायचा, बर्फ उकरून त्याची रुंदी पाहायची, दोन्ही बाजूंना आणि मधे भोके पाडून जाडी मोजायची आणि मगच ओलांडायचा, ही पद्धत तिथे हळूहळू पक्की झाली. ती जीव गमावून शिकलेली पद्धत आहे.

भोक पाडण्याची साधनेही बदलली. हाताच्या गिरमिटावर पेट्रोलचे छोटे इंजिन बसले. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये तयार होणारा 'जिफी' हा त्यातला इतका रूढ की मॅकमर्डोत यंत्राचे नावच 'जिफी ड्रिल' पडले. काम झपाट्याने करी, पण वजन भारी, थंडीत दोरी ओढून ओढून खांदा निखळायचा, आणि वास! पेट्रोल-तेलाचा तो वास हातमोज्यांना, तंबूला आणि पकडलेल्या माशाला सगळ्यांना लागतो. बंद झोपडीत इंजिन चालवले तर कार्बन मोनॉक्साइडची भीती वेगळीच.

आता मासे. मॅकमर्डोच्या पाण्याचे तापमान उणे १.९ अंशांच्या आसपास असते. खारट असल्यामुळे ते त्या तापमानाला द्रव राहते. साध्या माशाचे रक्त याहून बरेच आधी, उणे एक अंशाच्या आतच, गोठायला हवे. मग तिथले मासे जगतात कसे? १९६०च्या दशकात आर्थर डेव्ह्रीस या तरुण अमेरिकन संशोधकाने बर्फाच्या भोकांतून मासे काढून याचे उत्तर शोधले. माशांच्या रक्तात विशिष्ट प्रथिने असतात; ती बर्फाच्या बारीक स्फटिकाला चिकटतात आणि त्याला वाढू देत नाहीत. मोटारीच्या रेडिएटरमध्ये आपण अँटिफ्रीझ घालतो, तसेच हे माशाचे अँटिफ्रीझ. पण त्याहून किती तरी कमी प्रमाणात काम भागवणारे. ऑकलंड विद्यापीठाचे जॉन मॅकडोनल्ड, क्लाइव्ह एव्हान्स वगैरे संशोधकही पुढे वर्षानुवर्षे याच माशांवर काम करत राहिले.

डेव्ह्रीस यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून अंटार्क्टिक टूथफिशही धरायला सुरुवात केली. बर्फावर झोपडी, झोपडीच्या जमिनीत माणूस सहज आत पडेल एवढे भोक, आणि त्यातून शेकडो मीटर खोल सोडलेली उभी दोरी. हा मासा दीड-दोन मीटर लांब होतो, शंभर किलोच्या वर जातो. आपली मोठ्यात मोठी सुरमई त्याच्यापुढे बांगड्यासारखी दिसेल. बहुतेक माशांना खूणचिठ्ठी लावून ते पुन्हा पाण्यात सोडत.

मासा कसा धरायचा याचा इतिहास इथे राजकारणाला भिडतो. १९९६-९७ साली रॉस समुद्रात न्यूझीलंडच्या जहाजाने टूथफिशची व्यापारी मासेमारी सुरू केली. पुढे काही वर्षांनी बर्फावरच्या त्या दोऱ्यांना मासे लागेनासे झाले. मासेमारीचा परिणाम, असे काही शास्त्रज्ञांनी म्हटले. बर्फाची बदललेली स्थिती, असे इतरांनी. २०१४ साली न्यूझीलंडच्या पथकाने त्याच भागात, जाड बर्फाला भोके पाडून, तशाच उभ्या दोऱ्या सोडल्या आणि मासे पूर्वीसारखे लागले. वाद त्यामुळे मिटला असे नाही. पण एक गोष्ट माझ्या मनात राहिली. एका देशाच्या मासेमारी धोरणावरची चर्चा काही अंशी बर्फाच्या त्याच त्या भोकांवर अवलंबून होती. २०१६ साली न्यूझीलंड आणि अमेरिका यांच्या प्रस्तावावरून रॉस समुद्राचा मोठा भाग संरक्षित ठरला आणि १ डिसेंबर २०१७पासून ते लागू झाले.

इथे एक छोटे विषयांतर. अंटार्क्टिकाशी आपला मराठी संबंधही अगदीच परका नाही. पहिली भारतीय मोहीम १९८१च्या डिसेंबरात गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे उतरली. १९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या आणि पुणे विद्यापीठात शिकलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत होत्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ. असो.

आता बॅटरी. ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ साली बिनतारी ड्रिल बाजारात आणले. १९७१ साली अपोलो १५चे अंतराळवीर चंद्राच्या जमिनीत भोक पाडायला याच कंपनीने तयार केलेले बॅटरीचे ड्रिल घेऊन गेले. (भोक अडकले आणि नळी बाहेर काढताना त्यांचीही दमछाक झाली.) पण निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांत दम थोडा. १९९१मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. २००५च्या सुमारास ती हत्यारांत आली. मग हळूहळू ब्रशलेस मोटारी आल्या आणि एका हातात मावणारे ड्रिल गिरमिट फिरवू लागले.

ध्रुवीय संशोधकांना याचा मोठा उपयोग झाला. कोव्हॅक्स नावाचे पाच सेंटिमीटर व्यासाचे गिरमिट, मीटर-मीटरचे तुकडे एकापुढे एक जोडायचे आणि वर बॅटरीचे ड्रिल लावायचे. भोकातून टेप सोडायचा. त्याच्या टोकाला पितळेची आडवी दांडी असते, ती बर्फाच्या खालच्या कडेला अडकते आणि जाडी वाचता येते. मासा धरायला हे भोक निरुपयोगी. पण दोन मीटर जाडीला मोठे भोक पाडणाऱ्याला दिवसात थोडीच पाडता येतात. पाच सेंटिमीटरचे पाडणारा सहज पुष्कळ पाडतो. ओटागो विद्यापीठाच्या पॅट लँगहॉर्न आणि त्यांचे सहकारी यांनी मॅकमर्डोच्या बर्फाच्या जाडीचा, आणि त्याखाली पापुद्र्यांसारख्या साचणाऱ्या बर्फस्फटिकांचा, कित्येक ऋतू अभ्यास केला; असले काम गिरमिटाशिवाय होत नाही.

इथे मला चिरंजीवांच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. तो विचारत होता, मासा धरायला कोणते यंत्र. मी त्याला लिहिले की आधी हे ठरव: तू किती वेळा भोक पाडशील? जे यंत्र काढायला, लावायला आणि वाहायला कष्ट पडतात, त्याने माणूस एकच भोक पाडतो, मासा जिथे असेल असे वाटते तिथे. जे यंत्र सहज चालते त्याने तो वाटेतही पाडतो.

बाकीचे तपशील त्याला पाठवलेल्या पत्रातूनच देतो. विनिपेग-टोरांटोकडे मुले-नातवंडे असलेली आपल्यातली बरीच मंडळी आहेत, कोणाच्या तरी उपयोगी पडतील.

भोकाचा आकार. व्यास थोडा वाढला तरी उपसायचा बर्फ खूप वाढतो. साठ सेंटिमीटर जाडीला १५ सेंटिमीटरचे भोक पाडले तर सुमारे साडेदहा लिटर बर्फ निघतो, २० सेंटिमीटरच्या भोकाला जवळजवळ १९ लिटर, म्हणजे एक मोठी बादली, आणि २५ सेंटिमीटरच्या भोकाला साडेएकोणतीस. एवढाच भार ड्रिलवर आणि बॅटरीवर पडतो. हातातल्या ड्रिलवर १५चे उत्तम, २०चे चालेल. २५ हवे असेल, किंवा मोठे मासे आणि मीटरभर बर्फ रोजचाच असेल, तर दोन मुठींचा, खास बनवलेला बॅटरी ऑगर घ्यावा. तो ४० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाचा, जड आणि महाग, पण त्याच्यावर दोन्ही हात बसतात.

ड्रिल घरात आधीच असेल तर पैसे वाचतात, हे खरे. मात्र ते ब्रशलेस आणि १३ मिलिमीटर चकचे हवे. मच्छीमार मंडळी साधारण ८० न्यूटन-मीटर टॉर्क ही खालची मर्यादा धरतात. '२० व्होल्ट मॅक्स' वाचून भुलू नये. तीच बॅटरी दुसरा कारखाना १८ व्होल्ट म्हणून विकतो. आत पाच सेल. भरल्याबरोबर प्रत्येकी चार व्होल्ट, एरवी सरासरी ३.६. गिअर कायम हळू, म्हणजे १ वर. हॅमरची खूण बंद. आडवी मूठ लावल्याशिवाय चालवायचे नाही. गिरमिटाचे पाते बर्फात रुतले तर ड्रिल थांबत नाही, मनगट फिरते. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाई याला 'हिवाळ्यातली आवक' म्हणतात.

चकमधून गिरमिट निसटले तर ते तळ्याच्या तळाशी जाते आणि परत येत नाही. म्हणून भोकापेक्षा मोठी चकती किंवा पट्टी वर बसवलेली असावी. काही गिरमिटांचे डोके तरंगणाऱ्या फोमचे असते, तेही चालेल. पाती धारदार हवीत, आणि धार पिशवीत झाकलेली. बोथट पात्याला जोर लावणे म्हणजे बॅटरी जाळणे.

बॅटरी. लिथियमची बॅटरी थंडीत दम देत नाही. उणे २० अंशाला बऱ्याच बॅटऱ्यांची क्षमता निम्म्यावर येते. एक ड्रिलमध्ये आणि दुसरी कोटाच्या आतल्या खिशात, अंगाशी. संध्याकाळी घरी आल्याआल्या चार्जरवर लावू नये. गोठण्याच्या खाली चार्ज केले तर आत धातूरूप लिथियम साचते आणि बॅटरी कायमची बिघडते, कधी धोकादायक होते. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

मी इथला माझा संच पाठवीन म्हणत होतो, तो विचार सोडला. इथले चार्जर २३० व्होल्टचे, तिकडची वीज १२० व्होल्टची. आणि विमानातून नेणाऱ्यांसाठी: सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानाच्या बॅगेत टाकता येत नाहीत, हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाची बॅटरी ९० वॉट-तासांची भरते. १०० वॉट-तासांपर्यंत विशेष परवानगी लागत नाही.

बर्फाची जाडी. पारदर्शक, नव्या, गोड्या पाण्याच्या बर्फाला चालायला किमान १० सेंटिमीटर; मोटारीला २० ते ३०. पांढरा, दुधाळ बर्फ निम्म्या ताकदीचा धरावा. नदीचे मुख, झरा, पूल आणि उभे गवत यांच्या जवळ जाडी अचानक कमी होते. आणि ड्रिलबरोबर एक लोखंडी पहार घ्यावी. पुढे चालताना ती दर पावलाला आपटायची. सगळ्यात स्वस्त, बॅटरी न लागणारी, आणि सगळ्यात जुनी. हॉजसनच्या हातात हेच तर होते.

पत्राच्या शेवटी एक गोष्ट लिहिली. विनिपेग तळ्याकाठी गिमली नावाचे गाव आहे. ऑक्टोबर १८७५ मध्ये आइसलँडचे लोक तिथे उतरले. मासेमारी त्यांच्या रक्तात, पण ती समुद्रातली, उघड्या पाण्यातली. गोठलेल्या तळ्यात जाळे कसे टाकायचे हे त्यांना येत नव्हते, त्यांची जाळीही तिथल्या माशांना बेताची नव्हती. पहिला हिवाळा उपासमारीचा गेला. जॉन रॅम्झी हा सोल्टो जमातीचा माणूस त्यांच्या मदतीला आला, ज्याची जमीन खरे तर या वसाहतीने बळकावली होती. १८७६-७७च्या देवीच्या साथीत त्या स्थानिक लोकांचे अतोनात हाल झाले. रॅम्झीची बायकोही त्यात गेली. आइसलँडर मात्र शिकले आणि पुढे त्या तळ्याचे पट्टीचे कोळी झाले. तिकडे गेलास की शेजाऱ्याला विचारायला लाजू नकोस, एवढेच मला म्हणायचे होते.

जानेवारीच्या अखेरीस पुन्हा फोन आला. त्याने १८ व्होल्टचे ड्रिल, १५ सेंटिमीटरचे गिरमिट, दोन बॅटऱ्या आणि एक पहार घेतली होती. नऊ वर्षांच्या नातवाकडे टेप आणि वही दिली होती. किनाऱ्यापासून निघाले, पहिले भोक ५५ सेंटिमीटर, दुसरे ५३, तिसरे ५०, आणि मासे मिळतात असे ऑफिसच्या मित्रांनी सांगितलेली जागा अजून तीनशे मीटरवर. चौथे २८. पाचव्याला ड्रिल एका दमात खाली गेले आणि पाणी वर आले. नातवाने टेप सोडला: ११. बाहेरून काही फरक दिसत नव्हता, वर तोच भुसभुशीत बर्फ. ऑफिसची मंडळी पलीकडे आपल्या झोपड्यांपाशी उभी राहून हात करत होती. ती दुसऱ्या बाजूने गेली होती.

"मग?" मी विचारले.

"मग काय, परत फिरलो. फिरताना सगळी भोकं याने काठ्या रोवून खुणावली. त्यातच दिवस गेला. मासा एकही नाही, बाबा."

मागून नातवाचा आवाज आला, "आजोबा, आम्ही अकरा भोकं पाडली! दुसरी बॅटरी लागलीच नाही!"